चाळिशीनंतरची बासरी



विषय जाहीर झाल्यापासून पुष्कळजण आमच्याकडे संशयाने पाहत आहेत. मास्तर बासरीवर बोलणार म्हणजे वाजवून दाखवणार, आणि वाजवून दाखवणार म्हणजे सभा लवकर उठणार, असा त्यांचा हिशेब असावा. त्यांनी निर्धास्त असावे. बासरी आम्ही घरी ठेवून आलो आहोत.

सत्तेचाळिसाव्या वर्षी आम्ही ती हातात घेतली. अंबाजोगाईला मार्गशीर्षात योगेश्वरीची यात्रा भरते. तेथे काठीला बासऱ्या खोचून एक विक्रेता उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहत सहज वाजवीत होता. आम्हाला वाटले, वेळूची नळी आणि सहा भोके, ह्यात अवघड ते काय? पेटीला पट्ट्या, सतारीला तारा. इथे तर काहीच नाही. घरी आल्यावर पाच मिनिटांत ही समजूत गेली.

यात्रेत बासऱ्या दोन जातींच्या मिळतात. एकीच्या तोंडात खुंटी बसवलेली असते. ती शिट्टीसारखी उभी धरून फुंकली की लगेच वाजते. दुसरी आडवी. तिच्यात वाऱ्याला वाट दाखवणारे काही नसते. ओठांनीच फुंकर बारीक करून ती मुखरंध्राच्या पलीकडच्या काठावर नेमकी नेऊन आपटावी लागते. तेथे हवा दुभंगते, नळीतला हवेचा स्तंभ कंप पावतो आणि स्वर निघतो. छिद्रे झाकत गेले की स्तंभ लांबतो आणि स्वर उतरतो. सहाही झाकली की मंद्र पंचम, तोंडाजवळची तीनच झाकली की षड्ज. हे सगळे आम्हाला ठाऊक होते. आम्ही शाळेत विज्ञान आणि गणितच शिकवतो. पण आमच्या बासरीतून तीन महिने नुसता वारा निघाला.

पहाटे माळवदावर बसून आम्ही फुंकत असू. श्वास अतोनात खर्च होई, डोके गरगरे. खालून एका शेजाऱ्याने विचारले, “मास्तर, साप निघाला का?” त्या दिवसापासून आम्ही एका मित्राच्या शेतावर जाऊ लागलो. लाज वाटली हे कबूल केले पाहिजे. पोराने बेसूर वाजवले तर घरचे लोक कौतुकाने ऐकतात. चष्मा लावलेल्या, हजेरीपट घेऊन फिरणाऱ्या माणसाने वाजवले तर त्याला काहीतरी झाले आहे असे समजतात. प्रौढाची बोटे ताठरलेली असतात हे खरे, पण त्याहून ताठ असते ती मान.

मोठ्यांनाही ही मान वाकवावी लागली आहे. पन्नालाल घोष (१९११-१९६०) ह्यांनी लांब बासरी ख्यालाच्या बैठकीत आणून बसवली. सिनेसंगीतात त्यांचे नाव झालेले होते, तरी १९४७ साली, छत्तिसाव्या वर्षी, ते अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शागीर्द झाले. पुढे मुंबईत हरिप्रसाद चौरसिया त्याच खाँसाहेबांच्या कन्या अन्नपूर्णादेवी ह्यांच्याकडे गेले. रेडिओवर आणि चित्रपटांत त्यांची बासरी वाजत होती. अन्नपूर्णादेवींना मात्र पूर्वीचे सारे विसरून येणारा शिष्य हवा होता. तेव्हा चौरसियांनी बासरी उजवीकडची डावीकडे केली. म्हणजे आलेली विद्या हातांनीच बाजूला ठेवली आणि पुन्हा पहिल्या स्वरापासून आरंभ केला. आमच्याजवळ टाकायला विद्या नव्हती, एवढाच काय तो आमचा फायदा!

पाडव्याच्या सुमारास शेतावर आमचा एक जुना विद्यार्थी बांधावरून चालला होता. तो थांबून ऐकू लागला. त्याचे नाव येथे सांगायचे नाही अशी त्याची अट आहे. आमच्या वर्गात असताना तो दरवर्षी दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाई आणि पाडव्याला परत येई. मधल्या काळात अपूर्णांक शिकवून झालेले असत. परत आल्यावर फळ्यावर त्याला एकही उदाहरण सुटले नाही, तेव्हा भरवर्गात आम्ही त्याला ‘दगड’ म्हटले होते. आता तो स्वतःच कोयता घेऊन जातो. कारखान्यावर कोपीशेजारच्या एका म्हाताऱ्याकडून तो पावा शिकला.

तो म्हणाला, “गुरुजी, लई जोर लावताय. हुरडा चोळल्यावर कोंडा फुकतो नव्हं? दाना हातातच ऱ्हायला पायजे.”

तीन महिन्यांत जे पुस्तकाने झाले नाही ते ह्या एका वाक्याने झाले. स्वर निघाला. घोगरा, पण स्वर!

मग तो आठवड्यातून दोनदा येऊ लागला. बोटांच्या टोकांनी नव्हे, पेराच्या मऊ भागाने छिद्र झाकायचे. बोट उचलायचे तर ते थोडेच. ‘ग’वरून खाली येताना आमचे बोट छिद्र सोडून बाजूला पडे. एके दिवशी आम्ही मोजले: तीच चूक अकरा वेळा झाली. अकराही वेळा तो फक्त “पुन्हा” म्हणाला, आणि आवाज चढला नाही. आमच्या वर्गात तिसऱ्यांदा चुकणारा मुलगा उभा राहत असे. उभा राहिल्यावर त्याचे बोट कुठे पडत होते हे पाहायला आम्ही कधी वाकलो नव्हतो. त्या संध्याकाळी बासरी पिशवीत घालताना आम्ही त्याच्यापाशी अपूर्णांकांचा विषय काढला. तो हसला आणि म्हणाला, “मला तवा येतच नव्हते की, गुरुजी.” त्याने आम्हाला सोडवले खरे, आम्हाला मात्र तसे सुटता आलेले नाही.

यंदा जानेवारीत वर्गातल्या नऊ रिकाम्या जागांची आम्ही यादी केली. ती मुले परतली आहेत आणि शाळा सुटल्यावर तासभर थांबतात.

बासरीचे म्हणाल तर भूप वाजतो. त्यात मध्यम नाही, म्हणून वाजतो! सगळी छिद्रे मोकळी सोडली की तीव्र मध्यम लागतो. शुद्ध मध्यमाला तोंडाजवळचे छिद्र अर्धेच झाकावे लागते, आणि ते अर्धे आमच्या बोटाला अजून कळत नाही. गेल्या चैत्रातल्या उन्हाने वेळू तडकला. आतून मोहरीचे तेल दिले, बाहेरून दोरा आवळून गुंडाळला. आता वारा गळत नाही. आमचा शिक्षक कारखान्यावरून आला आहे आणि मंडपात मागच्या रांगेत बसला आहे. मध्यम त्याला उद्या पहाटे ऐकवायचा आहे, माळवदावर.