नाणेघाटाची नोंदवही
(स्वागताध्यक्षांचे भाषण)

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि घाटरस्त्याचे धक्के सोसून आलेल्या डॉक्टर बंधुभगिनींनो, जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. आपत्कालीन उपचारांत ताज्या संशोधनाचा पुरावा कसा वापरावा, हा आपल्या परिषदेचा विषय आहे. स्वागताध्यक्ष डॉक्टर नाही. तरीही या विषयाला जुन्नरइतकी योग्य भूमी दुसरी नाही, असा आमचा दावा आहे, आणि परिषद पुराव्याची असल्यामुळे तो पुराव्यानिशीच मांडला पाहिजे.

शिवनेरीविषयी आपल्याला काय सांगावे? सांगायचे आहे ते नाणेघाटाविषयी. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने देशावर चढे. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे. तिथल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला, दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून तो ओळखला जातो. यज्ञ कोणते केले आणि दक्षिणा किती दिली, याचा तो हिशेब आहे. आणि तो मोघम नाही. गाई १,७००, हत्ती १०. एका ठिकाणी तर प्रेक्षकांना आणि सेवकांना मिळून ६,००१ कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. वरच्या एका कार्षापणाचीही नोंद सोडलेली नाही! त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या फुटल्या, काहींचे जेमतेम पाय उरले. डोक्यावर कोरलेली नावे मात्र आजही वाचता येतात. पुढे याच जुन्नरात कागद बनू लागला आणि जुन्नरी कागद दफ्तरांत नावाजला गेला. म्हणजे नोंदीचे साहित्य बदलले, पण सवय या मातीतलीच. सारे जुन्नरचेच सांगितले म्हणून आंबेगावकरांनी रागावू नये, त्यांचीही नोंद आहे. तालुक्याला नाव देणारे मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले, कारभार घोडेगावातून चालतो. आणि आपत्ती म्हणजे काय, हे ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगराखाली गेलेल्या आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवले आहे.

आता कोणी म्हणेल, या पुराणाचा दवाखान्याशी काय संबंध? संबंध असा की उपचाराचा अनुभव नोंदला आणि तपासला गेला नाही, तर तो त्या मूर्तींसारखा माणसाबरोबर संपतो. संशोधन मोठ्या शहरातच होते, हा पहिला आक्षेप तर आपल्याच राज्याने खोडून काढला आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे खाटेशेजारी बसून टिपली आणि प्राझोसिनचा उपयोग जगापुढे मांडला. ते तिथेच थांबले नाहीत. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेले ९१.४ टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्यांत हे प्रमाण २२.९ टक्के होते. स्वतःच्याच औषधाची अशी परीक्षा घेणे सोपे नसते. इकडे नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या रुग्णांसाठी जे काम उभे केले, त्याचा दोन्ही तालुक्यांना अभिमान आहे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. वर्षानुवर्षे आम्ही असेच करतो, रुग्ण बरे होतात, मग कागद कशाला? सर्पदंशाचेच उदाहरण घेऊ. प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याची पद्धत जुनी आणि समजुतीला पटणारी. श्रीलंकेत एक हजारांहून अधिक रुग्णांवर ती पद्धत, आणि आधी अ‍ॅड्रिनॅलिन देण्याचीही, तपासली गेली. निष्कर्ष २०११ साली आले. अ‍ॅड्रिनॅलिनच्या छोट्या मात्रेने गंभीर रिअ‍ॅक्शन पहिल्या तासात ४३ टक्क्यांनी घटल्या. हायड्रोकॉर्टिसोनचा फायदा दिसला नाहीच, उलट दोन्ही सोबत दिल्यावर अ‍ॅड्रिनॅलिनचा गुणही पुसला गेला. नुसत्या अनुभवाला हे कधीच कळले नसते, कारण बरा झालेला रुग्ण कशामुळे बरा झाला हे सांगत नाही. परदेशचा पुरावा इथे कसा लागू, ही शंका रास्त आहे. पण तिथे वापरलेले प्रतिविष भारतात बनलेले होते, आणि घोणस तिथेही घोणसच. तरी दवाखान्यात माणसे किती, उपकरणे कोणती, हे पाहूनच निर्णय व्हावा. तो आपण कराल.

तिसरा आक्षेप वेळेचा. रुग्ण दारात आला की निबंध कोण वाचणार? कोणीच नाही. म्हणूनच ते आधी वाचून, ठरवून भिंतीवर लावायचे असते. सर्पदंशात रक्त गोठते का, हे पाहण्याची तपासणीच घ्या. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे नळी हलवायची नाही, मग तिरकी करून रक्त गोठले का ते पाहायचे. या तपासणीला ना मोठी प्रयोगशाळा लागते, ना महागडे यंत्र. लागते ती नळी हाताशी असणे आणि वीस मिनिटे कोणी तिला धक्का न लावणे. नळी धुताना साबण राहिला तर निकाल फसतो, हेही ज्याला माहीत आहे त्यानेच ती धुवावी. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक खेड्यांतले. हा पुरावा शहरातल्या सभागृहात वाचून भागणार नाही, म्हणून परिषद इथे बोलावली.

आता आभार, आणि क्षमायाचना. द्राक्ष व टोमॅटो उत्पादक शेतकरी, पतसंस्था, दूध संस्था, मंगल कार्यालयाचे मालक आणि औषध विक्रेते यांनी सढळ हाताने मदत केली. त्यांची नावे प्रवेशद्वारावरच्या फलकावर रकमेसह लिहिली आहेत. नागनिकेच्या गावी रक्कम गुप्त ठेवणे आम्हाला शोभले नसते. प्रेक्षकांना कार्षापण वाटण्याइतका निधी मात्र जमला नाही. निवासाच्या खोल्या कमी पडल्या, काही पाहुण्यांना ओळख नसलेल्या सहकाऱ्याबरोबर राहावे लागेल. वीज गेल्यास जनरेटर आहे. तो आवाज करतो. सायंकाळनंतर उसाच्या कडेने फेरफटका मारू नये, बिबट्याचा वावर आहे. दुपारी मासवडी आहे, आणि नाव ऐकून शाकाहारी मंडळींनी ताट मागे सारू नये. आत बेसन, तीळ, खोबरे आणि लसूणच आहे. रस्सा तिखट आहे, त्याबद्दल आत्ताच क्षमा मागतो. अध्यक्ष महोदयांनी कामकाज सुरू करावे, ही विनंती.