बोनसच्या पैशात खेळाचा संगणक



कामगार चळवळीतल्या माणसाने खेळाच्या संगणकावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण दिवाळी जवळ आली की आमच्या युनियनच्या कचेरीत तरुण पोरे दुकानदाराचे कोटेशन घेऊन येतात आणि विचारतात, "दादा, हा भाव बरोबर आहे का?" बोनस अजून हातात पडलेला नसतो. ज्याने जन्मभर मालकांचे ताळेबंद उलगडले, त्याने हाही कागद उलगडला पाहिजे. शाळा माझी लवकर सुटली. जे शिकलो ते असेच, कागद वाचून आणि यंत्र उघडून.

खेळासाठी एवढा खर्च कशाला, असे विचारणारे थोर लोक आहेत. 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. त्या सुटीत कामगाराने काय करावे हे ठरविण्याचा अधिकार मालकाला नव्हता. तो आपल्यालाही नाही. पोराला खेळायचे आहे, खेळू द्या. त्याचा घामाचा पैसा मात्र वाया जाऊ नये.

आता यंत्राचे काम पाहू. नेहमीच्या पडद्यावर आडवे 1,920 आणि उभे 1,080, म्हणजे वीस लाखांवर ठिपके असतात. हालचाल सलग दिसावी म्हणून चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागते. सेकंदाला बारा कोटींवर ठिपके झाले. हे रंगकाम ग्राफिक्स कार्ड करते. कोण कुठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय रंगवायचे ते कार्डाला सांगतो. गिरणीत सूतखाते मागे पडले की मागखाते रिकामे बसते, तसेच हे. एक खाते जलद आणि दुसरे संथ असेल, तर जलद खात्यावर मोजलेला पैसा फुकट गेला.

आणि कोटेशनात नेमके हेच असते. प्रोसेसरचे नाव मोठे, डब्यात रंगीबेरंगी दिवे, आणि कार्ड नावापुरते. "आय-सेव्हन आहे," असे दुकानदार छातीठोकपणे सांगतो. इंटेलने हे नाव 2008 पासून कितीतरी पिढ्यांना दिले. पुढचा आकडा विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. कार्डांचेही तेच. एनव्हिडियाचे जीटी 1030 हे कार्ड 2017 साली निघाले. 2018 मध्ये त्याच नावाचे दुसरे आले, पण त्यातली मेमरी हलकी. तिचा वहनवेग पहिलीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचा. हुद्दा मोठा देऊन पगार तोच ठेवणारी व्यवस्थापने आम्ही पाहिली आहेत. ही त्यांचीच भावंडे!

माझा हिशेब असा. मॉनिटर वगळून जी रक्कम असेल, तिच्यातले शंभरी पस्तीस ते चाळीस रुपये कार्डाला द्यावेत. प्रोसेसर सहा कोरचा पुरे. 2022 सालचा रायझेन 5 5600 मिळाला तर उत्तम. 2018 सालचे बी450 जातीचे कित्येक मदरबोर्डही बायोस नवे केल्यावर तो स्वीकारतात. पुढे वाढायला त्या वाटेत जागा थोडी, हेही जाणून घ्या. रॅम 16 जीबी, पण 8-8 च्या दोन पट्ट्यांत. मग माल दोन वाटांनी ये-जा करतो. 2025 च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांनी मेमरीचे भाव भडकवले, तेव्हा सगळ्यांत आधी मारली गेली ती हीच दुसरी पट्टी. दिव्यांना एक पैसा देऊ नका.

एका जागी मात्र मी काटकसर करू देत नाही, ती म्हणजे पॉवर सप्लाय. हा बिघडला तर एकटा जात नाही. मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. बॉयलरच्या झडपेवर पैसे वाचविणाऱ्या मालकाला आपण काय म्हणतो? बिननावाच्या डब्यावर 500 वॅट छापायला शाईखेरीज काही लागत नाही. 80 प्लसचा शिक्का असला तरी तो वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, सुरक्षिततेची ग्वाही देत नाही. उलट 750 वॅटचा हट्टही नको. आरएक्स 6600 हे कार्ड 132 वॅट घेते, वर सांगितलेला प्रोसेसर 65 वॅटच्या वर्गातला. नावाजलेल्या कंपनीचा 500 वॅटचा सप्लाय त्यांना भरपूर झाला.

जुने कार्ड घ्यावे का? घ्यावे, पण पारखून. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचे खाणकाम बंद केले आणि तिन्ही पाळ्यांत राबलेली कार्डे बाजारात आली. विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड खेळ चालवा, तापमान पाहा, पंख्याचा आवाज ऐका. तो नको म्हणाला तर उठून या.

आणि लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर आपल्या गावच्या दुकानात जा, 18 टक्के जीएसटी वाचतो म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल उचलू नका. पक्के बिल मागा, आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक त्यावर आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्या. दोन वर्षांनी कार्ड बंद पडले की हमीसाठी दुकानदार आधी तोच कागद मागणार आहे.