आपलीही मतपत्रिका

(कुंभकोणम येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेले भाषण)



निवडणूक आली की आपल्या खात्यांतल्या माणसाचे काम दुप्पट होते. गाड्या चालवायच्या, टपाल वाटायचे आणि वर निवडणूक ड्यूटीचा हुकूम. लोकांचे मतदान पार पाडता पाडता आपल्यातले कितीतरी जण स्वतःचे मत गमावून बसतात. मत कोणाला द्यायचे ते तुम्हाला कळते, त्यावर आम्ही बोलणार नाही. बोलायचे आहे ते मतपत्रिकेवर.

बदलीने इकडे येऊन इथल्या यादीत नाव घातलेल्यांना पहिली अडचण लिपीची. नावांचा क्रम तमिळ अक्षरांचा असतो. त्यात 'क' आणि 'ग' यांना एकच अक्षर, म्हणजे आपल्या हिशेबाने शोधू गेलात तर चुकाल. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांचे उमेदवार, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, त्यानंतर अपक्ष. शेजारी चिन्ह आणि २०१५ पासून फोटोही. सर्वांत शेवटी 'नोटा', तो २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आला. एका यंत्रावर १६ बटणे. नोटा धरून त्याहून जास्त नावे झाली तर शेजारी दुसरे यंत्र दिसेल, तेही पाहा. बटण दाबल्यावर चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते. तेवढा वेळ तिथेच थांबा.

नावे किती असू शकतात? १९९६ साली याच राज्यात, ईरोडजवळच्या मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले. शेतकऱ्यांनी आपले गाऱ्हाणे थेट मतपत्रिकेवर नेले होते. मतदान पुढे ढकलावे लागले आणि मतपत्रिकेचे पुस्तक छापावे लागले. त्याच वर्षी आपल्या बेळगावात लोकसभेला ४५६ उमेदवार होते. सीमाभागातल्या मराठी माणसाने हीच वाट धरली होती. सरकारने त्याच वर्षी अनामत वाढवली, लोकसभेची ५०० वरून १०,०००, विधानसभेची २५० वरून ५,०००. गाऱ्हाणी जागच्या जागी राहिली, हे आम्हाला नमूद करावेसे वाटते.

आता ड्यूटीवाल्यांचे. कुंभकोणम तंजावर जिल्ह्यात, पण लोकसभेला मैलादुतुरै मतदारसंघात. घोटाळा इथेच होतो. लोकसभेच्या वेळी तुमची ड्यूटी पापनासमला लागली तर मतदारसंघ तोच राहतो; नमुना १२-अ भरून ड्यूटीचे प्रमाणपत्र घ्या आणि ड्यूटीच्याच केंद्रावर यंत्रावर मत द्या. ड्यूटी तंजावर शहरात लागली तर मतदारसंघ बदलला. मग नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागायची. विधानसभेच्या वेळी पापनासमही वेगळा मतदारसंघ, म्हणजे तिथेही नमुना १२ च. हा अर्ज मतदानाच्या किमान ७ दिवस आधी पोचला पाहिजे, १२-अ किमान ४ दिवस आधी.

टपालवाल्यांना हसू येईल, पण ड्यूटीवाल्याचे 'टपाली' मत आता टपालाने जात नाही. २०२३ मध्ये नियम बदलला. सुविधा केंद्रावर जायचे आणि तिथेच मत देऊन द्यायचे. मतपत्रिकेवर सही करू नका, नाव लिहू नका. मतपत्रिका १३-ब या लहान पाकिटात. १३-अ हे प्रतिज्ञापत्र त्या पाकिटात नाही, बाहेर. आणि दोन्ही मिळून १३-क या मोठ्या पाकिटात. प्रतिज्ञापत्रावरचा क्रमांक मतपत्रिकेच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघा. एवढ्याशा चुकीने मत बाद होते, आणि बाद झाल्याचे तुम्हाला कोणी कळवतही नाही.

गार्ड, ड्रायव्हर, स्टेशनवाले यांना निवडणुकीची ड्यूटी नसते, पण मतदानाच्या दिवशी ते कामावरच असतात. त्या निवडणुकीत आयोगाने रेल्वेला अत्यावश्यक सेवेत धरले असेल तर नमुना १२-ड आहे. तो अधिसूचनेपासून ५ दिवसांत द्यावा लागतो, आणि ही मुदत नेहमी हातची जाते. एकदा तो मंजूर झाला की मतदान केंद्रावर मत देता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

सभा संपल्यावर कोरे अर्ज इथेच मिळतील. अर्जात यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लागतो. ज्यांच्याजवळ तो नसेल त्यांनी ओळखपत्राचा क्रमांक सांगावा, आम्ही आत्ताच यादीत शोधून देतो.