डोळ्यांना दिसणारा सूर

(बोरगाव मेघे, जिल्हा वर्धा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धा जिल्ह्याला सामुदायिक गायन नवे नाही. 1936 साली महात्मा गांधी सेवाग्रामला राहावयास आले, तेव्हा साबरमतीच्या आश्रमातील प्रार्थनेची परंपराही त्यांच्याबरोबर आली. त्या प्रार्थनेला स्वरांची शिस्त लावणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य होते. पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने विदर्भातील खेड्यापाड्यांत सामुदायिक प्रार्थना रुजविली. बोरगाव मेघेसारख्या, शहराला खेटून वाढलेल्या गावातही शाळेचा परिपाठ प्रार्थनेनेच सुरू होतो. अशा भागात मुलाने गाणे ही विशेष गोष्ट नव्हे. विशेष आणि काहीशी खेदाची गोष्ट ही, की काही मुलांना गाऊच दिले जात नाही. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात "तू नुसते ओठ हलव" असे ज्याला सांगण्यात येते, ते मूल बहुधा आयुष्यभर स्वतःला बेसूर समजते.

असे मूल खरोखर बेसूर असते काय? सूर मुळीच ओळखू न येणारी माणसे थोडी असतात. बहुसंख्य मुलांना दोन स्वरांतील फरक कानाने कळतो. परंतु आपला आवाज या क्षणी कोठे आहे आणि तो वर न्यावयाचा की खाली, हे मात्र कळत नाही. गुरुजवळ बसून शिकणाऱ्याला ते गुरूची मान सांगते, भुवई सांगते. ज्या शाळेत संगीताचा स्वतंत्र शिक्षक नाही तेथे ते कोण सांगणार? गाणाऱ्याचा सूर पडद्यावर रेषेच्या रूपाने दाखविणाऱ्या संगणक प्रणालींचा विचार शाळांनी व पंचायतींनी करावयाचा तो या प्रश्नाच्या संदर्भात.

या प्रणालीची कृती मुळात साधी आहे. गाताना स्वरतंतू दर सेकंदास ठराविक वेळा कंप पावतात. ध्वनिग्राहकाने टिपलेली लहर किती काळाने पुन्हा तशीच उमटते हे संगणक शोधतो, त्यावरून कंपनसंख्या काढतो आणि पडद्यावर त्या उंचीवर एक बिंदू उमटवितो. सेकंदाला अनेक वेळा ही क्रिया घडल्याने बिंदूंची रेषा होते. मागे षड्ज, ऋषभ, गंधार यांच्या आडव्या रेघा आखलेल्या असतात. आवाज रेघेच्या खाली राहिला तर सूर उतरला, वर गेला तर चढला.

सूर मोजण्याची ही हौस महाराष्ट्रात आजची नव्हे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. महसुलाच्या कामात आयुष्य घालविलेला हा अधिकारी तारेची लांबी मोजून श्रुतींचे गणित मांडीत बसला होता, आणि पडताळ्यासाठी त्याच्यासमोर गावयास होते खुद्द अब्दुल करीम खाँ. सनदी सेवेतील अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी देवलांच्या कामात रस घेतला आणि त्यातून श्रुतींची पेटी सिद्ध झाली. बडोद्याला 1916 साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा या पेटीवरून मोठा वाद झाला आणि तेथील जाणकारांना ती मान्य झाली नाही. देवलांच्या आकड्यांविषयी आजही मतभेद आहेत. तथापि गायकाचा गळा आणि मोजमापाचे साधन यांना समोरासमोर बसविण्याचे धाडस त्यांनी केले, याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

पुढचा टप्पा मुंबईचा. 1980 च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी गाण्यातील स्वरांची हालचाल टिपून तिचा आलेख काढणारे मेलोडिक मूव्हमेंट अ‍ॅनालायझर हे यंत्र तयार केले, आणि नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेतील संशोधनात त्याचा उपयोग झाला. त्याच संस्थेत विम व्हान डेर मेर आणि सुवर्णलता राव यांनी रागगायनाची ध्वनिमुद्रणे आणि सरकती स्वररेषा एकत्र पाहता येतील असा उपक्रम केला. स्वर मोजण्यासाठी अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेली व विनामूल्य मिळणारी प्राट ही प्रणाली संशोधक सर्रास वापरतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रीती राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी तबला आणि तानपुरा वाजत असतानाही गायकाचा स्वर वेगळा कसा काढावा, यावर काम केले. आज बंगळूरमध्ये तयार झालेले रियाझ यासारखे भ्रमणध्वनीवरील उपयोजन कोणाही विद्यार्थ्याला मिळते. एकेकाळी प्रयोगशाळेत असलेले साधन असे खिशात आले आहे.

मात्र खिशात आलेले प्रत्येक साधन आपल्या गाण्यासाठी बनलेले असतेच असे नाही. येथे थोडे गणित करावे लागेल. समजा, षड्ज 240 कंपनांचा आहे. तानपुऱ्याशी तंतोतंत जुळणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे 300 कंपनांचा येतो. पाश्चात्त्य वाद्यांच्या समविभागी सप्तकात, जेथे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, तोच गंधार सुमारे 302.4 कंपनांचा होतो. फरक सव्वादोन-अडीच कंपनांचाच. पण स्वरांतर मोजण्याच्या सेंट या मापात, ज्यात एक सप्तक 1200 सेंटचे धरतात, तो सुमारे 14 सेंट भरतो, आणि तयार कानाला तो ऐकू येतो. बाजारातील पुष्कळशा प्रणालींच्या रेघा समविभागी सप्तकाप्रमाणे आखलेल्या असतात. त्यामुळे तानपुऱ्यावर उत्तम शुद्ध गंधार लावणाऱ्या मुलीला पडदा सांगेल की तिचा सूर उतरला आहे. ती बिचारी पडद्याचे ऐकून सूर चढवील, आणि तानपुऱ्याशी कणसूर होईल! कोमल गंधाराची गत याच्या उलट. तानपुऱ्याशी जुळणारा कोमल गंधार 288 कंपनांचा आणि समविभागी सुमारे 285.4 चा, तेथे बरोबर गाणाऱ्याला यंत्र चढा ठरवील.

यावरून यंत्र टाकाऊ आहे असा निष्कर्ष मात्र काढू नये. गावातील भजनी मंडळ पेटीवर गाते, आणि सर्वसाधारण पेटीही समविभागीच असते. याच कारणाने, काही अन्य कारणांबरोबर, पेटीला 1940 पासून सुमारे तीन दशके नभोवाणीवर मज्जाव होता. भजनी मंडळांनी त्याची फारशी पर्वा केली नाही, हे बरेच झाले. तेव्हा पेटीबरोबर गाणाऱ्यांना समविभागी रेघा चालतील. तानपुऱ्यावर रागसंगीत शिकणाऱ्यांसाठी रेघा बदलता येणारी, अथवा मुळात भारतीय संगीतासाठी रचलेलीच प्रणाली हवी. साधन निवडण्यापूर्वी शिक्षकाने हा एक प्रश्न विचारला तरी निम्मा घोटाळा टळेल.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. आपल्या संगीतात स्वर म्हणजे नेहमीच एक स्थिर बिंदू नव्हे. दरबारी कानड्याचा कोमल गंधार आंदोलित असतो. मींडेत तर दोन स्वरांमधला प्रवास हेच गाणे असते. तेथे रेषा रेघेवर स्थिर नाही म्हणून गुण कापणारे यंत्र गवयाची परीक्षा घेऊ पाहते, पण त्याला विषयच ठाऊक नसतो. प्राथमिक शाळेतील प्रार्थना आणि समूहगीत यांना ही अडचण फारशी येत नाही. संगीत विद्यालयांनी मात्र आपोआप मिळणाऱ्या गुणांवर विसंबू नये.

मुलांना याचा उपयोग होतो काय, याचे उत्तर प्रयोगांनी बऱ्याच अंशी दिले आहे. इंग्लंडमध्ये ग्रॅहॅम वेल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शाळांतून वापरात असलेल्या बीबीसी मायक्रो या लहान संगणकावर प्राथमिक शाळेतील मुलांना त्यांचा सूर दाखविला. पडदा पाहून सराव केलेल्या मुलांचे सूर जुळविणे अधिक सुधारले. 2008 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक मार्मिक गोष्ट नोंदविली. पडद्याकडे पाहत गाताना गायकाचा सूर कधीकधी बिघडतोही. परंतु पडदा दूर करून तो नेहमीसारखा गाऊ लागला की सुधारणा दिसते. नवशिक्याला किती तपशील दाखवावा व तयार गायकाला किती, यातही फरक करावा लागतो, असे त्यांना आढळले. म्हणजे पडदा थोडा वेळ पाहावयाचा आणि मग डोळे मिटून तानपुऱ्यावर तेच गाऊन पाहावयाचे, असा क्रम असावा.

शाळेसाठी खर्च किती? प्रारंभी जवळजवळ काहीच नाही. शिक्षकाजवळचा भ्रमणध्वनी पुरेसा आहे. गरज आहे ती शांत खोलीची; पंख्याच्या घरघरीत आणि वर्गाच्या गोंगाटात रेषा वेडीवाकडी पळते. एका वेळी एकच मूल गाईल असे पाहावे, कारण चाळीस आवाजांतून एकाचा सूर ही साधने वेगळा काढू शकत नाहीत. तानपुऱ्याचा स्वर कर्णध्वनीतून मुलाच्या कानात द्यावा, म्हणजे यंत्र तानपुऱ्यालाच गायक समजणार नाही. पंचायतीला निधी द्यावयाचाच असेल तर तो महागड्या यंत्रापेक्षा एक चांगली पेटी, एक ध्वनिग्राहक आणि शिक्षकाचे चार दिवसांचे प्रशिक्षण यांवर खर्च होणे अधिक उपयुक्त ठरेल. मुलांचे आवाज ध्वनिमुद्रित करून दूरच्या संगणकावर साठविणाऱ्या प्रणालींबाबत पालकांची संमती आधी घ्यावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी ती आवश्यक ठरविली आहे.

षड्ज मुलाच्या गळ्याप्रमाणे बदलावा, हेही विसरू नये. शिक्षक काळी एकमध्ये गात असतील म्हणून तिसरीतील मुलीनेही तेथेच गावे, हा आग्रह अनेक सुरेल मुलांना बेसूर ठरवितो. तिला काळी चार किंवा पाच देऊन पाहावी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटू लागतो, तेव्हा त्यांची रेषा काही महिने कोठेही जाईल. त्या दिवसांत त्यांना पडद्यासमोर उभे न करता खालच्या पट्टीत, हलक्या आवाजात, इतरांबरोबर गाऊ द्यावे.