सहाबांची नावे घेता, मग त्यांचे काम का टाळता?



वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्मांची माणसे माथा टेकतात. वाशिमपासून कारंजापर्यंत मशिदींमध्ये जुम्म्याच्या खुत्ब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, सहाबांची नावे अदबीने घेतली जातात. पण प्रेषित मुहंमदांच्या या सोबत्यांनी, इस्लामच्या पहिल्या पिढीने, नेमके काय केले, हे इथल्या मुलांना मराठीत सांगणारे फार थोडे. तसे वागणारे त्याहून थोडे. पहिले भांडण त्यासाठी आहे.

ही पिढी नसती तर आज हाती काय उरले असते? प्रेषितांच्या निधनानंतरच्या यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेकजण मारले गेले. तेव्हा सारी वचने एकत्र लिहून काढावीत, असा आग्रह हजरत उमर यांनी धरला. प्रेषितांनी जे केले नाही ते आपण कसे करावे, म्हणून पहिले खलिफा हजरत अबू बकर आधी कचरले. वाद झाला, समजूत पटली आणि जैद बिन साबित या तरुणावर ते काम सोपवले गेले. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्या काळात त्याच संहितेच्या प्रती दूरदूरच्या शहरांना गेल्या. हदीसचे, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींचेही तसेच. हदीस सांगणाऱ्यांची साखळी मागे मागे जात कोणा सहाबीपाशी पोहोचते. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक हदीस आहेत. थोरथोर सहाबा त्यांच्याकडे शंका घेऊन येत.

धर्माचे ज्ञान एका स्त्रीकडून शिकलेल्या त्या पिढीचे नाव घेऊन जो दहावीनंतर मुलीची शाळा बंद करतो, तो त्या पिढीचा वारस नव्हे! मक्केच्या कुरैश टोळीशी झालेली बद्रची लढाई 624 मधली. खंडणी देण्याची ऐपत नसलेल्या, पण लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्यांनी मदिनेतल्या मुलांना अक्षरे शिकवावीत आणि सुटून जावे, असे ठरले. शत्रूकडूनही शिकायला ज्यांना कमीपणा वाटला नाही, त्यांचे नाव सांगत आपण घरच्या मुलीला शिकण्यापासून अडवतो.

बिरादरीचेही बोलू. सहाबांपैकी बिलाल हबशी गुलाम होते, सलमान इराणचे, सुमय्या दासी. सुमय्यांना इस्लामच्या पहिल्या शहीद मानतात. 630 मध्ये मक्का हाती आल्यावर काबाच्या छतावरून अजान द्यायला बिलाल चढले, तेव्हा कुरैशच्या खानदानी सरदारांना ते सहन झाले नाही. आज आपल्याकडे सोयरीक जुळवताना अन्सारी, बागवान, पिंजारी, कुरेशी अशी चौकशी होते, ती त्याच सरदारांच्या बाजूने. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभारली, अभिनेते दिलीपकुमार त्यांच्यासोबत सभांना गेले. इस्लाममध्ये जात नाही, असे म्हणून ज्यांनी त्यांना गप्प करू पाहिले, त्यांनी आधी आपल्या घरचे निकाह तपासावेत.

लग्नाचेही तसेच. मेहर, म्हणजे वधूची हक्काची भेट, नवऱ्याने द्यायचा असतो. इथे मंडपात जहेजची, म्हणजे हुंड्याची, मोटारसायकल उभी असते आणि मेहर कागदावर राहतो. याविरुद्ध बोलणारी बाई बेअदब ठरते; पण नवऱ्याने टाकलेल्या खौला बिन्त सअलबा आपली तक्रार घेऊन थेट प्रेषितांशी वाद घालायला गेल्या होत्या. कुरआनच्या 58 व्या सूरेची, म्हणजे अध्यायाची, सुरुवातच त्या प्रसंगाने होते. प्रश्न विचारणाऱ्या बाईला बेअदब ठरवणाऱ्यांनी ती सूरा पुन्हा वाचावी.

दुसरे भांडण मराठी साहित्याशी. हा विषय मराठीला परका नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठी संतकवी होते. जोतीराव फुल्यांनी प्रेषितांवर ‘मानव महंमद’ हा अखंड लिहिला. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिले. 1990 मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. एवढी वाट तयार असताना बिलाल आणि खौला यांची चरित्रे मराठी शाळेतल्या पोराच्या हाती पडत नाहीत, ही प्रकाशकांची आणि आपल्या लेखकांची दोघांचीही कसूर आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांच्या वाचनालयांत सहाबांची मराठी चरित्रे ठेवा. लेखकांनी ती नव्याने लिहावीत, इमामसाहेबांनी जुम्म्याला त्यातले एक पान मराठीत सांगावे, आणि ज्या घरात मुलीची शाळा सुटली आहे, त्या घरच्या बापाने येत्या जूनमध्ये तिचे नाव पुन्हा घालावे.