ओटीपी दुसऱ्याला का सांगायचा?

हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आमच्या बचत गटात एक काकू आहेत. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पण गटाचा हिशेब तोंडपाठ. मोबाईलही स्वतः चालवतात. कसा? अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी या ठिकाणी ती चालू करायची. मग बोट ठेवलं तिथलं फोन वाचून दाखवतो. दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. वेगळे पैसे लागत नाहीत.

मागं एका योजनेचं केवायसी करायला आम्ही बसलो. काकूंनी नाव भरलं, आधार नंबर भरला. मग आलं वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र. ते पाहून अक्षरं लिहायची. फोन गप्प! चित्रातली अक्षरं त्याला वाचता येईनात, आणि ऐकायची सोय त्या वेबसाइटवर नव्हती. काकू म्हणाल्या, "एवढं सारं म्या भरलं, अन् आता कोनाच्या हातापाया पडू?" शेवटी दुकानात जाऊन अनोळखी माणसाला आधार नंबरही सांगितला आणि ओटीपीही. पैसे गेले नाहीत, पण पासबुक भरून येईपर्यंत त्यांना झोप नव्हती.

यात काकूंची चूक काय? शाळेला पायऱ्याच असल्या, उतार नसला, तर दोष चाकाच्या खुर्चीचा नसतो. वेबसाइटचंही तसंच. बटणाला नाव दिलं नाही, तर फोन नुसतं "बटण" म्हणतो. कागदाचा फोटो काढून टाकला, तर त्यातलं नीट वाचेलच असं नाही. व्हिडिओखाली अक्षरं नसली, तर ऐकू न येणारीला काही कळत नाही. हे सगळं बनवणाऱ्याला सुधारता येतं.

आणि हा उपकार नाही, हक्क आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा. बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणतात. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बाईनं ते कसं करावं? अशा बाया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं सांगितलं की ऑनलाइन सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. डोळे मिचकवण्याला दुसरा पर्याय द्या, असाही आदेश दिला.

सोय मिळाली तर काय होतं, ते आपल्या अमरावती जिल्ह्यानं पाहिलं आहे. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढलेली माला डोळ्यांनी पाहू शकत नाही. २०२४ साली ती लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली.

मग आपण काय करायचं? गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सूचनेचा नुसता फोटो टाकू नका. खाली चार ओळी लिहा, नाहीतर बोलून पाठवा. गावातल्या दिव्यांग बहिणीला टॉकबॅक लावून द्या, दोन दिवस सोबत बसून शिकवा. वेबसाइट अडली, तर कुठं अडली ते लिहून त्या कार्यालयाला गटाच्या नावानं अर्ज द्या. दाद लागली नाही, तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे.

काकूंचा ओटीपी काकूंनाच टाकता आला पाहिजे. एवढंच मागणं आहे.