अनुभव : काही नाही?



आपल्याकडे 'बायोडाटा' हा शब्द दोन कामांना चालतो, लग्नाला आणि नोकरीला. घोळ तिथूनच सुरू होतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार नमुन्यात नाव भरलं, की नोकरीच्या कागदावरही उंची, वर्ण, जात आणि मामाचं गाव येऊन बसतं. साहेबाला सोयरीक जमवायची नसते. हा माणूस आपलं कोणतं काम करील, एवढंच त्याला पाहायचं असतं.

नेमकं तेच आमच्या शिर्डीतली मुलं लिहीत नाहीत. 'अनुभव' या शब्दापुढे 'काही नाही' लिहून मोकळी होतात. आणि हाच मुलगा दर सुट्टीत लॉजच्या काउंटरवर बसलेला असतो. आंध्र, तेलंगणातून आलेल्या भाविकांशी तेलुगूत कामापुरतं बोलतो. रामनवमीची, गुरुपौर्णिमेची गर्दी त्यानं निभावलेली असते. एखादी मुलगी घरच्या हारप्रसादाच्या दुकानाचा रोजचा हिशेब ठेवते. पगाराची पावती नाही, म्हणून हे काम खोटं ठरतं का?

मात्र ते नेमकं लिहावं. 'मेहनती, प्रामाणिक, होतकरू' ही विशेषणं सगळ्यांच्याच कागदावर असतात. कवितेत काय, अर्जात काय, विशेषण कमी आणि क्रियापद जास्त बोलतं. 'तीस खोल्यांच्या लॉजवर दोन उन्हाळे नोंदणी सांभाळली. तेलुगू बोलता येते, वाचता येत नाही.' न येणारंही सांगितलं, की येणाऱ्यावर विश्वास बसतो.

दुसरी गोष्ट, समोरच्याची गरज आधी. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंचीनं मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी पत्र तयार केलं. त्यात पूल आणि युद्धयंत्रं आधी आहेत. चित्रकला अगदी शेवटी. राज्यकर्त्याला काय हवं, हे त्यानं ओळखलं होतं. तसंच आपलंही. २०१७ साली काकडीला विमानतळ सुरू झाला. तिथं अर्ज करताना भाषा आणि प्रवाशांशी बोलण्याची सवय वर घ्यावी. दुकानाच्या हिशेबनीसासाठी जमाखर्च वर घ्यावा. एकच कागद सगळीकडे फिरवू नये.

नवख्याला एक पान पुरे. ताजं काम आधी, फोन नंबर चालू असलेला.

आणि 'काही नाही' लिहिण्याआधी घरी विचारा, 'दोन वर्षांत मी काय काय केलं?' आई सांगू लागेल. तुम्ही फक्त लिहून घ्या.